तीन इंच उचलायच्या आधी एकदा खाली वाकून बघ

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"ताई नमस्कार, मी कोपरखैरण्याला राहतो, नोकरी महापेला. मागच्या दिवाळीत महिंद्राची सेकंडहँड थार घेतली, 2021ची, डिझेल मॅन्युअल, एलएक्स हार्डटॉप. कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. आता बोनसचे अडीच लाख बाजूला ठेवलेत आणि तुर्भ्याच्या एका वर्कशॉपने कोटेशन दिलंय, तीन इंच लिफ्ट म्हणजे गाडी तेवढी उंच करणं, 33 इंची मड टायर, लोखंडी बंपर, विंच (फसलेली गाडी दोराने ओढणारं मोटरचं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारी नळी), छतावर लाइटबार, सगळं मिळून तीन लाख चाळीस हजार. वरचे पैसे कार्डवर टाकेन. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या गाड्या उचललेल्या आहेत, माझ्या गाडीला शोरूम पीस म्हणतात. जूनमध्ये मुरबाडच्या पुढे एका पाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला ट्रेल केली, तिथे चिखलात फसलो. मित्राने त्याच्या गाडीच्या मागच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) पट्टा अडकवून झटका मारला तर तो बॉलच तुटून माझ्या काचेवर आला. काच फुटली, मला काही झालं नाही. बायको आणि चार वर्षांचा मुलगा जरा बाजूला उभे होते. त्या दिवसापासून ती म्हणते गाडी विकून टाक. तर आधी कुठलं काम करू, आणि तिला कसं समजावू? थारवाला, कोपरखैरणे."

अरे भावा, तू कोटेशन वर लिहिलंस आणि काच खाली, मी काचेपासूनच सुरू करते कारण बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल.

तो टो-बॉल आहे ना, तो ट्रेलर हळूहळू ओढायला बनवलेला असतो, फसलेल्या गाडीला झटका द्यायला नाही. चिखलात बुडालेली गाडी म्हणजे तिचं दोन टनांच्या आसपासचं वजन अधिक चिखलाने धरून ठेवलेली ताकद, आणि समोरचा जेव्हा पट्टा सैल ठेवून पळत येऊन झटका मारतो तेव्हा तो सगळा जोर त्या बॉलच्या मानेवर येतो. मान तुटली की ताणलेला पट्टा गोफणीसारखा परत येतो आणि पुढे लोखंडाचा गोळा बांधलेला असतो. जगभरात माणसं अशीच गेलीत, ऑस्ट्रेलियात अमेरिकेत कुठेही ऑफ-रोड शिकवणारा पहिल्या तासात हेच सांगतो की बॉलला कधीही दोर लावायचा नाही. तुझ्या बाबतीत काचेवर भागलं. तुझा मुलगा जिथे उभा होता तिथून दोन मीटर इकडे असता तर, हे वाक्य मी पुरं करत नाही, तूही रोज रात्री ते करत असशीलच.

तर यापुढे ओढायचं काम फक्त चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटवरून. मॅन्युअल उघड, टोइंगच्या पानावर कंपनीने कुठे दोर लावायचा ते चित्रासकट दिलेलं असतं. दोर म्हणजे कायनेटिक रोप, जो ओढताना स्वतः ताणला जातो आणि मग हळूच गाडी बाहेर काढतो, त्यामुळे झटका बसत नाही. साखळी नको, ती अजिबात ताणत नाही आणि तुटली की सांगून तुटत नाही. जोडायला सॉफ्ट शॅकल घे, म्हणजे दोराचाच बनवलेला, तुटला तरी हवेत लोखंड उडणार नाही. दोरावर मधोमध ओली गोणी नाहीतर जाड घोंगडी टाकायची, आणि माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, शक्यतो दोन्ही गाड्यांच्या आडव्या बाजूला, दोराच्या रेषेत कोणीच नाही. पोरंटोरं तर गाडीत किंवा पार लांब झाडामागे. व्हिडिओ काढणारा मित्र सगळ्यात आधी पुढे येतो, त्याला सगळ्यात आधी मागे पाठव. आणि दोर लावायच्या आधी फावड्याने चाकापुढचा चिखल काढ, दहा मिनिटं खणलं तर निम्म्या वेळा ओढायची गरजच पडत नाही हे मी स्वतः कितीदा पाहिलंय.

आता कोटेशन.

लिफ्ट. रविवारी सकाळी गाडी सोसायटीत सपाट जागेवर लाव आणि मागच्या बाजूने खाली वाकून बघ. मधोमध एक गोल भोपळ्यासारखा लोखंडी भाग दिसेल, तो डिफरन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा. तुझ्या थारला मागे सरळसोट एक्सल आहे, म्हणजे तो भोपळा दोन्ही चाकांच्या मधल्या दांड्यावरच बसलाय. स्प्रिंग उंच केल्या की बॉडी वर जाते, पण हा भोपळा जिथे आहे तिथेच राहतो कारण तो चाकांसोबत बांधलेला आहे. दगड पोटाला आधी कुठे लागणार, तर तिथेच. म्हणजे तीन इंच उचलून गाडी दिसायला उंच झाली, पण सगळ्यात खालचा बिंदू एक मिलिमीटरही हलला नाही. लिफ्टचा उपयोग होतो, नाही असं नाही, चढाला नाक कमी घासतं, पोट कमी टेकतं, मोठ्या टायरला जागा मिळते. पण तुझ्या थारचा पुढचा कोन, म्हणजे नाक न घासता किती चढाला भिडेल तो, कंपनीतूनच साधारण 42 अंश आहे, मागचा 37च्या आसपास, ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर. मुरबाड, शहापूर, कर्जत, मुळशी, या भागातल्या ज्या रस्त्यांनी तू पुढची दोन वर्षं जाणार आहेस तिथे हे कमी पडत नाही, कमी पडतो तो टायर आणि चालवणाऱ्याचा पाय.

आणि उचलण्याची किंमत दुसरीकडून वसूल होते. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होतं, उंची वाढली की चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचे, ड्राइव्हशाफ्टचे, सांधे म्हणजे सीव्ही जॉइंट तिरके होतात आणि त्या तिरक्या अवस्थेत ताकद घेतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, मग आत चिखल जातो आणि वळताना कट कट आवाज यायला लागतो. अलाइनमेंट बिघडलं की स्टिअरिंग भटकतं. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि तू रोज ज्या रस्त्याने जाणार तो ट्रेल नाही, ठाणे-बेलापूर रोड आहे, रविवारी बायकोमुलाला घेऊन पाम बीच रोडला जाशील. तिथे 70च्या स्पीडला एखादा स्कूटरवाला आडवा आला आणि तू स्टिअरिंग ओढलंस तर उचललेली गाडी किती झुकते ते मी अनुभवलंय.

मी स्वतः काय केलं होतं ते सांगते. माझी जिप्सी, एमएच-04, तिला पुढेमागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग असतात. 2012 साली मी एका गॅरेजमधून लांब शॅकल (पाटा गाडीला टांगणारी लोखंडी कडी, दोराची नव्हे) आणि जास्तीचा एक पाटा टाकून ती दोन इंच उचलून घेतली. काम एका दिवसात झालं, मी खूश. मे महिन्यात शहापूरच्या बाजूला एका कोरड्या ओढ्यात उतरत होते, पुढचं डावं चाक घळीवर आलं आणि हवेत लोंबलं, आणि पायाखालचं ब्रेक पेडल जवळजवळ तळाला गेलं. झालं असं होतं की चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी, ती तेवढ्याच लांबीची ठेवली होती. गाडी उंच झाल्यावर चाक पूर्ण खाली लोंबलं की ती नळी तारेसारखी ताणली जायची, रोज थोडी थोडी आतून फाटत गेली आणि त्या दिवशी गेली. मी फोर लोमध्ये (चारी चाकांना ताकद, वेग अगदी कमी) पहिल्या गिअरला होते म्हणून इंजिननेच गाडी धरून ठेवली, मागच्या ब्रेकचा जेवढा होता तेवढा आधार आणि हँडब्रेक, आणि मी तिला हळूच बांधाला टेकवली. खाली उतरले तेव्हा चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइल गळत होतं आणि त्या नळीचं टोक मी बोटांनी धरून बघितलं, रबराला केसासारख्या चिरा पडलेल्या. अठरा रुपयांची वाटावी अशी वस्तू. उचलणाऱ्याने ती बदलायला हवी होती आणि मी विचारायला हवं होतं, दोघांनीही केलं नाही. म्हणून जो कोणी लिफ्ट लावतो त्याला मी हेच विचारायला सांगते की ब्रेकच्या नळ्या, सेन्सरच्या वायरी आणि प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलकडे ताकद नेणारा दांडा) कोन यांचं काय करणार आहेस. उत्तर देताना तो अडखळला तर चावी परत घ्यायची.

33 इंची टायरचं गणित करून बघू. तुझ्या एलएक्सचा टायर 255/65 आर18, त्याचा व्यास साधारण 789 मिलिमीटर, म्हणजे 31 इंच. 33 इंच म्हणजे 838. फरक 49, पण एक्सलखाली फक्त अर्धा मिळतो, जेमतेम एक इंच. त्या एका इंचासाठी काय काय जातं बघ, प्रत्येक चाक बरंच जड होतं, गिअरिंग उंच झाल्यासारखं होतं म्हणजे चढाला इंजिन लवकर दम टाकतं, ब्रेकला जास्त जोर लागतो, स्पेअर टायर मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर लटकतो, आणि स्पीडोमीटर 80 दाखवत असताना तू प्रत्यक्षात 85ने चाललेला असतोस. मड टायर चिखलात चांगले हे खरंच, पण ओल्या काँक्रीटवर ब्रेक मारताना ते घसरतात, आणि महापेच्या रस्त्यावर रोज त्यांचा घूं घूं आवाज ऐकत जायचं. तुला कंपनीच्याच साइझमधले चांगले ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारे, पुरेत. ट्रेलवर माझ्या ओळखीत जे खरंच चांगले चालवतात त्यातले बहुतेक जण याच टायरवर आहेत.

लोखंडी बंपर आणि बुलबार नको, इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. पुढचा भाग चुरगळला जावा आणि धक्का त्यात जिरावा, एअरबॅगच्या सेन्सरला तो वेळेवर कळावा, असं सगळं मोजून केलेलं असतं, त्याच्यापुढे लोखंड लावलं की हे मोजमाप बिघडतं. शिवाय पायी चालणाऱ्या माणसाला लागलं तर त्याचं काय होतं. डिसेंबर 2017मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना यावर कारवाई करायला कळवलं होतं. आणि एकूणच मॉडिफिकेशनबद्दल, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019मध्ये हे परत ठणकावून सांगितलं, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळे लावून फिरतात" हे वाशी आरटीओत चालत नाही. त्याहून मोठी गोष्ट इन्शुरन्स, अपघात झाला आणि सर्व्हेअरने न कळवलेली लिफ्ट नि टायर बघितले तर क्लेम अडकतो, आणि समोर कोणी जखमी असेल तर ते पैसे तुझ्या घरातून जाऊ शकतात. तू कर्ज काढून हे करणार होतास म्हणून एवढं लांबवून लिहितेय.

लाइटबार सोडून दे. समोरच्याला आंधळं करतो, सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही, आणि मूळ वायरिंग कापून जोड मारला की गाडी पेटायचं एक कारण आपणच घालून ठेवतो. आणि ट्रेल रात्री करायचीच नाही.

स्नॉर्कलबद्दल मात्र नीट बोलते कारण त्याने सगळ्यात जास्त गैरसमज होतो. स्नॉर्कल फक्त इंजिनला हवा वरून देतो. गाडीचे बाकीचे अवयव, अल्टरनेटर, वायरिंग, क्लच, एक्सलचे ब्रीदर म्हणजे हवेची भोकं, ते सगळे होते तिथेच असतात. थारची पाण्यातून जायची मर्यादा कंपनीने 650 मिलिमीटर दिलीये, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या थोडं वर, आणि ती स्थिर पाण्याची गोष्ट आहे. वाहतं पाणी वेगळंच जनावर आहे. फुटभर जोरात वाहणारं पाणी छोटी कार उचलतं, दोन फूट पाणी एसयूव्हीसुद्धा नेऊ शकतं, कारण गाडी पोकळ असते आणि तरंगायला लागली की टायरला जमीनच लागत नाही. आपल्याकडे वर डोंगरात पाऊस झाला की खाली ओढा वीस मिनिटांत बदलतो, खाली आभाळ कोरडं असलं तरी. म्हणून नियम असा की जे पाणी मी काठी घेऊन पायी ओलांडू शकत नाही त्यात गाडी घालत नाही. आणि पायी जातानासुद्धा कमरेला दोर आणि काठावर माणूस. गढूळ, पाण्याला आवाज आहे, तळ दिसत नाही, तर गाडी वळवायची, घरी जाऊन चहा प्यायचा. जिथे स्थिर पाणी आहे आणि खोली मोजलीये तिथे फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, एकाच वेगाने, पुढे एक छोटी लाट राहील एवढंच, मध्येच क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनचा खर्च तुझ्या बोनसपेक्षा मोठा असतो. साध्या पॉलिसीत तो बसतही नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते मात्र घे, आपल्याकडे जुलैत नुसत्या सबवेतसुद्धा लागतं. पाण्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासून घे, दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदल.

विंच चांगली वस्तू आहे, पण तुझ्यासाठी दोनतीन वर्षांनी. 9500 पौंड ओढणारी विंच स्वतःच तीसपस्तीस किलो, पुढच्या स्प्रिंगवर बसणार, बॅटरीतून चारशे अँपिअरपर्यंत करंट ओढणार, आणि ती वापरायला शिकलेला माणूस नसेल तर ती तुझ्या टो-बॉलची मोठी बहीण आहे. एकटं जायचंच नाही हा नियम पाळलास, दोन किंवा तीन गाड्या, तर कायनेटिक रोप पुरतो.

आता अडीच लाखांतले किती आणि कुठे ते सांगते. टायर झिजले असतील तर चार टायर, माझ्या अंदाजाने साठसत्तर हजारांत येतात. कायनेटिक रोप, दोन सॉफ्ट शॅकल, ट्रॅक्शन बोर्डची (फसलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) जोडी, घडीचं फावडं, जाड हातमोजे, 12 व्होल्टचा चांगला कंप्रेसर, टायर गेज, फर्स्ट एड किट, फायर एक्स्टिंग्विशर, हे सगळं मिळून चाळीसपन्नास हजारांत बसतं. बाकीचे शिकायला आणि डिझेलला. कार्डला हात लावू नकोस.

त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट सगळ्यात जास्त काम करते, ती म्हणजे टायरमधली हवा. तू जूनमध्ये फसलास तेव्हा हवा किती होती ते लिहिलं नाहीस, मी पैजेवर सांगते रस्त्याचीच, तीस पीएसआयच्या वर. मागच्या डिसेंबरात माळशेजच्या अलीकडे एका मुरमाच्या चढावर एक अगदी मूळ अवस्थेतली थार अशीच अडकली होती. चालवणारा फोर लोमध्ये टाकून पाय दाबतोय, चारी चाकं घुमतायत, मागे दगड उडतायत, गाडी जागच्या जागी खड्डा खणतेय. आम्ही त्याला खाली घेतलं. मी प्रत्येक चाकाशी बसून व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडली, 34वरून 20वर आणली, एका चाकाला मिनिट दीड मिनिट लागतं, फुस्स आवाज हळूहळू मवाळ होत जातो आणि टायरचा खालचा भाग पोट सुटल्यासारखा बाहेर येतो. जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, रबर दगडावर आपटण्याऐवजी त्याच्याभोवती बसतं. मग त्याला म्हटलं आता पाय दाबायचाच नाही, क्लच सोड आणि गाडीला चढू दे. ती गाडी त्याच चढावर अक्षरशः चालत गेली, एक दगड उडाला नाही. त्या पोराचा चेहरा बघायला हवा होतास. दगड नि मुरमाला 20-22, भुसभुशीत वाळूला 16-18, पंधराच्या खाली जायचं नाही कारण टायर रिममधून सुटतो, आणि डांबरीवर यायच्या आधी कंप्रेसरने परत दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत. कमी हवेवर हायवेला गेलास तर टायर तापून फुटेल, यात घाई नाही, चारही टायर भरेपर्यंत अर्धा तास जातो, तो जाऊ दे.

आणखी एक, तुझ्या थारला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, म्हणून कोरड्या डांबरीवर फोर हाय, म्हणजे नेहमीच्या वेगाचं फोर-व्हील, लावून फिरायचं नाही, वळताना गाडी आखडते आणि ट्रान्सफर केसवर (ताकद पुढेमागे वाटणारा गिअरचा डबा) ताण येतो. एलएक्सला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असतं, तुझ्या गाडीला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून घे. असेल तर एक चाक हवेत घुमायला लागल्यावर घाबरून पाय काढू नकोस, हलका थ्रॉटल धरून ठेव, दोन चाकांच्या वेगात पुरेसा फरक पडला की ते स्वतः खट्ट करून लॉक होतं आणि गाडी पुढे निघते. हे माहीत नसल्यामुळे लोक बरोबर त्याच क्षणी पाय काढतात आणि म्हणतात गाडीत दम नाही. महिंद्राने इगतपुरीला ऑफ-रोड शिकवायची अकॅडमी काढली होती, तिथे किंवा जिथे नीट शिकवतात तिथे दोन दिवस घाल. तुर्भ्याच्या कोटेशनमध्ये तेवढी एकच गोष्ट नव्हती.

जायचं कुठे हेही तुझ्या ग्रुपला सांग. येऊरला जंगलात नाही, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. नेरूळ-सीवूड्सच्या मागे, उरणच्या बाजूला खारफुटीत नाही, काही पोरं भरती ओसरल्यावर चिखलात गाड्या घालतात आणि खारफुटीची रोपं चिरडतात. तिथून जवळच ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022पासून रामसर यादीतलं. समुद्रकिनाऱ्यावर नाही, अलिबागला दर सीझनला कोणाची तरी गाडी भरतीत बसते आणि गावकऱ्यांचा ट्रॅक्टर लागतो.

आणि पाडे. तू लिहिलंस "पाड्याकडे जाणारा रस्ता". तो तुमच्यासाठी ट्रेल असेल, तिथल्या माणसांसाठी तोच दवाखान्याचा आणि शाळेचा रस्ता आहे. जून-जुलैत पाच उचललेल्या गाड्या मड टायर घेऊन त्यातून गेल्या की फूटभर चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचतं, मग त्यांची बाइक जात नाही, आजारी माणसाला डोलीत घालून न्यावं लागतं. ठाणे जिल्ह्यात डोलीच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, आपण त्यात भर घालायची नाही. बाजूला भाताची रोपं असतात, बांधावरून एक चाक गेलं की पाणी वाहून जातं आणि त्या घरचं वर्षाचं खाणं जातं. म्हणून भर पावसात कच्चे मातीचे रस्ते मी करतच नाही, ऑक्टोबरच्या शेवटी माती धरली की जाते. पावसाळ्यात जायचंच असेल तर ओळखीच्या माणसाचा पडीक माळ, पनवेल-कर्जत भागात मिळतो, परवानगी घेऊन, आणि निघताना आपण पाडलेले खड्डे आपणच बुजवून.

आता बायको. तिला समजवायचं काही नाहीये रे, ती बरोबर आहे. तिच्या डोळ्यासमोर लोखंडाचा गोळा तुझ्या तोंडाच्या दिशेने गेला आणि तू त्यानंतर तिला तीन लाख चाळीस हजारांचं कोटेशन दाखवलंस. आधी जाऊन सांग की कोटेशन रद्द केलं, आणि टो-बॉलची गोष्ट मला कळली, ती परत होणार नाही, का होणार नाही तेही सांग, दोर काढून दाखव. गाडी विकायची की नाही हे तिने लगेच ठरवू नये एवढंच माग, दिवाळीपर्यंतचा वेळ माग. आणि ऑक्टोबरात त्या माळावर दोघं जा, मुलाला आजीकडे ठेवून, आणि स्टिअरिंग तिच्या हातात दे. बाजूला बसून तू गप्प राहा, अंगठे स्टिअरिंगच्या आत नको बाहेर ठेव एवढंच सांग, कारण चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतो. फोर लो, पहिला गिअर, उतारावर दोन्ही पाय पेडलवरून काढायला सांग. इंजिन गाडीला धरून कसं खाली आणतं हे तिने स्वतः एकदा अनुभवलं की तिची भीती नेमकी कशाची आहे ते तिलाच कळेल, गाडीची की तुमच्या ग्रुपची. मला वाटतं ग्रुपची. ज्या मित्राने झटका मारला त्याने तिची माफी मागितली का? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते. नसेल तर तो जोवर मागत नाही तोवर त्याच्याबरोबर मुलाला घेऊन जाऊ नकोस, आणि शोरूम पीस म्हणणाऱ्यांना त्या मुरमाच्या चढावर आधी जाऊ दे.

एक काम आजच कर. चारही टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर एक लांब नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल, म्हणजे 3220 असेल तर 2020चा बत्तिसावा आठवडा. गाडी सेकंडहँड आहे म्हणून प्रत्येक टायरचा वेगळा निघू शकतो, स्पेअरचाही बघ. पाचही टायरचे ते आकडे आणि खाचा किती मिलिमीटर उरल्यात ते मला कळव, मग टायर आत्ता बदलायचे की एक पावसाळा काढायचा ते सांगते.